इंजिन सुरू, नाव मात्र प्रवाहाच्या हाती : गंगेतील नौकांच्या पंख्याचे दुखणे आणि उपाय

वाराणसी : दशाश्वमेध घाटावरील सायंकाळची गंगाआरती संपली की तिच्यासमोर एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या नौका जवळपास एकाच वेळी मोकळ्या होऊ लागतात. दोर सुटतात, इंजिने सुरू होतात आणि काही मिनिटांत घाटासमोरचे पाणी ढवळून निघते. अशा वेळी एखाद्या नौकेचे इंजिन जोराने घरघरते, पण नौका जागची हलत नाही. किंवा हलते ती पुढे नव्हे, तर आडवी होऊन प्रवाहाबरोबर. प्रवाशांना वाटते, इंजिन बिघडले. अनेकदा इंजिन ठणठणीत असते. दोष असतो तो पाण्याखाली, कोणाच्याही नजरेस न पडणाऱ्या तीन-चार पात्यांच्या पंख्यात.

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार ज्याला ‘पंखा’ म्हणतात, तोच हा प्रोपेलर. वाराणसीत गेल्या काही वर्षांत नौकांच्या इंजिनांकडे बरेच लक्ष दिले गेले. डिझेल व पेट्रोलवर चालणाऱ्या ५०० नौकांची इंजिने सीएनजीवर आणण्याच्या प्रकल्पाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते ७ जुलै २०२२ रोजी झाले. नमो घाटावर नौकांसाठी सीएनजी भरण्याची सोय झाली. हायड्रोजनवर चालणारी, कोचीन शिपयार्डने बांधलेली प्रवासी नौका २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वाराणसीसाठी रवाना करण्यात आली. इंधन कोणतेही असो, त्याची ताकद पाण्यापर्यंत पोहोचवणारी शेवटची कडी पंखाच असते. ती कडी निसटली, तर इंजिनाची सारी सुधारणा व्यर्थ ठरते आणि यात्रेकरूंनी भरलेली नौका प्रवाहाच्या हाती जाते.

पंखा नौका कशी ढकलतो

पंख्याची पाती तिरपी बसवलेली असतात. फिरताना ती पाणी मागे फेकतात आणि त्याच्या प्रतिक्रियेने नौका पुढे सरकते. पंखा घन पदार्थातून स्क्रूसारखा गेला असता, तर एका पूर्ण फेऱ्यात तो जेवढे अंतर कापेल, त्याला ‘पिच’ म्हणतात. समजा, पिच ३० सेंटिमीटर आहे आणि पंखा मिनिटाला १,००० फेरे घेतो. हिशेबाने नौका मिनिटाला ३०० मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर जायला हवी. पाणी मात्र लाकडासारखे घट्ट नसते, ते निसटते. या निसटण्याला ‘स्लिप’ म्हणतात. जड, भरलेल्या नौकेत ती ४० टक्के धरली, तर प्रत्यक्ष वेग ताशी ११ किलोमीटरच्या आसपास येतो. थोडी स्लिप असणे स्वाभाविक, किंबहुना आवश्यकच आहे, कारण पाणी मागे सरकल्याशिवाय रेटा मिळत नाही. तीच अचानक वाढली, तर पंख्याशी काहीतरी बिनसले आहे, असे समजावे.

दुसरी गोष्ट ताकदीची. पंख्याला लागणारी ताकद साधारणपणे फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे १० टक्क्यांनी वाढवायचे, तर सुमारे ३३ टक्के अधिक ताकद लागते. उलट फेरे २० टक्क्यांनी कमी केले, तर निम्म्या ताकदीत भागते. म्हणूनच प्रवाहाविरुद्ध जाताना इंजिन ताणून मिळणारा वेग थोडा असतो आणि जळणारे इंधन फार.

तिसरी गोष्ट सुकाणूची, आणि सुरक्षेच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. पंख्याच्या मागे बसवलेले सुकाणू पंख्याने मागे फेकलेल्या पाण्याच्या झोतामुळे प्रभावी ठरते. पंखा थांबला की हा झोत थांबतो आणि सुकाणूची पकड ढिली होते. नौकेला मागे लटकवलेले आउटबोर्ड इंजिन असेल, तर वळण्याचे साधनच पंख्याच्या रेट्यात असते. त्यामुळे पंखा बंद पडणे म्हणजे केवळ वेग जाणे नव्हे, तर दिशाही हातातून जाणे होय.

इंजिन बदलले, पंखा तोच

इंजिन आणि पंखा यांची जोडी जुळवावी लागते, हे जहाजबांधणीने मोठी किंमत मोजून शिकले आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्स यांनी १८९४ मध्ये बांधलेल्या ‘टर्बिनिया’ या नौकेत त्या काळचे सर्वांत वेगवान इंजिन, म्हणजे वाफेचे टर्बाइन होते. पहिल्या चाचण्यांत मात्र ती २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरचाही पल्ला गाठू शकली नाही. टर्बाइन निर्दोष होते. पंखा इतक्या वेगाने फिरत होता की पात्यांच्या पाठीवरील दाब घसरून तेथील पाण्याची वाफ होत होती आणि पाती पाण्याऐवजी वाफेच्या पोकळीत फिरत होती. या प्रकाराला ‘कॅव्हिटेशन’ म्हणतात. एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन पंखे, अशी नवी मांडणी केल्यावर तीच नौका १८९७ पर्यंत ३४ नॉट, म्हणजे ताशी ६३ किलोमीटरच्या वेगाने धावू लागली.

वाराणसीतील नौका त्या वेगाच्या जवळपासही जात नाहीत. पण धडा तोच आहे. संथ फिरणारे, जोरकस डिझेल इंजिन काढून अधिक फेऱ्यांचे इंजिन बसवले आणि पंखा तसाच ठेवला, तर दोन शक्यता उद्भवतात. पंख्याचा पिच नव्या इंजिनाला जास्त ठरला, तर इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. ते दबून चालते, तापते आणि इंधन जास्त खाते. पिच कमी ठरला, तर इंजिन मर्यादेपलीकडे धावते आणि नौका त्या मानाने सरकत नाही.

याची पारख सोपी आहे. नौकेत नेहमीइतके प्रवासी किंवा तेवढे वजन ठेवून, संथ पाण्यात इंजिन पूर्ण उघडावे आणि मिनिटाला किती फेरे होतात ते मोजावे. इंजिन बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत फेरे आले, तर जोडी जुळली. कमी आले, तर पिच कमी करावा. जास्त आले, तर वाढवावा. आउटबोर्ड इंजिनांत एक इंचाच्या फरकाने साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. इंजिन व पंखा यांच्यामध्ये फेरे कमी करणारा गिअरबॉक्स असेल, तर मोठा आणि संथ पंखा बसवता येतो. जड, कमी वेगाच्या नौकेला तोच किफायतशीर पडतो, कारण थोडे पाणी जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी सावकाश ढकलण्यात ताकद कमी वाया जाते. मात्र मोठ्या पंख्याला खोल पाणी लागते.

काशीच्या पाण्यातील अडथळे

येथे गंगा उत्तरेकडे वळते. पश्चिम तीरावर, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, अस्सीपासून राजघाटाच्या दिशेने घाटांची रांग आहे; त्या बाजूला प्रवाह तीर घासत जातो आणि पाणी खोल राहते. समोरचा पूर्व तीर वाळूचा आहे. हिवाळ्याच्या अखेरीपासून पाणी ओसरू लागले की ही वाळू पात्रात पुढे सरकते. पलीकडच्या वाळवंटावर यात्रेकरूंना नेणाऱ्या नौकांचे पंखे याच उथळ भागात वाळूला घासतात. पात्यांच्या कडा बोथट होतात, टोके झिजतात, आणि दांड्याच्या बेअरिंगमध्ये शिरलेली वाळू कानशीसारखे काम करते. एकोणिसाव्या शतकात गंगेवर सुरू झालेल्या पहिल्या वाफेच्या नौका दोन्ही बाजूंना चाके लावलेल्या होत्या. उथळ पाण्यात चाक चालते, पंख्याला मात्र बुडायला जागा हवी असते.

याच नदीतून हल्दिया ते प्रयागराज हा १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ जातो. वाराणसी ते हल्दिया या १,३९० किलोमीटरच्या टप्प्यात २.२ ते ३ मीटर खोली राखण्याचे जलमार्ग विकास प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे. पण ही खोली मुख्य मार्गिकेपुरती असते. पर्यटकांच्या नौका मार्गिका सोडून तीराला लागतात आणि त्यांचे पंखे तिथेच घासले जातात.

वाळूहून मोठा शत्रू म्हणजे पाण्यावर व पाण्याखाली तरंगणारे धागे आणि कापड. वाहिलेल्या ओढण्या व साड्या, फुलमाळांचे दोरे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, जाळ्यांचे तुकडे आणि नौका बांधण्याचे सैल सुटलेले नायलॉनचे दोर हे सारे फिरत्या पंख्याकडे ओढले जाते. सुती दोरा तुटतो, नायलॉन तुटत नाही. तो दांड्याभोवती आवळत जातो, घर्षणाने तापतो आणि वितळून कडक कड्यासारखा घट्ट बसतो. बारीक मासेमारी दोरा तर पंख्यामागच्या तेलाच्या सीलपर्यंत शिरून ते कापतो. आरतीनंतर दाटीवाटीने निघणाऱ्या नौकांमध्ये पाण्यात पडलेला एक दोरही दोन नौका अडकवू शकतो.

कोकणातील मच्छीमाराला खाऱ्या पाण्याचा त्रास असतो: पात्यांवर कालव व शिंपले चिकटतात, धातू गंजतो आणि तो वाचवण्यासाठी जस्ताचे तुकडे बसवावे लागतात. गंगेच्या गोड पाण्यात हा त्रास कमी असतो. इथले दुखणे झिजण्याचे आणि गुंतण्याचे आहे.

लक्षणांवरून निदान

पंखा दिसत नसला, तरी त्याचा बिघाड नौकेच्या वागण्यातून कळतो. पुढील पाच लक्षणे ओळखता आली, तर बराचसा शोध पाण्यात न उतरताच लागतो.

पहिले : इंजिनाचे फेरे वाढतात, पण नौका सरकत नाही. पंखा दांड्यावर घट्ट ठेवणारी चावी किंवा पिन तुटली असावी. लहान आउटबोर्ड इंजिनात ही पिन मुद्दामच नरम धातूची असते. पंखा दगडावर आदळला, तर पिनने तुटावे आणि गिअर वाचावेत, असा तिचा हेतू असतो. तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकणे म्हणजे पुढच्या धडकेत गिअरबॉक्स गमावणे. ज्या पंख्यांच्या गाभ्यात रबर असते, त्यांत ते रबर सुटते. आतल्या नळीपासून बाहेरच्या गाभ्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी. नौका चालवून आणल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर रबर घसरते आहे.

दुसरे : फेरे कमी होतात, इंजिन दबते आणि डिझेल असेल तर काळा धूर येतो. हे अचानक झाले, तर पंख्यात काहीतरी गुंतले आहे. पहिल्या दिवसापासूनच असेल, तर पिच जास्त आहे किंवा नौकेवर भार जास्त आहे.

तिसरे : नौका थरथरते. इंजिन गिअरमधून मोकळे करून तेवढ्याच फेऱ्यांवर चालवावे. थरथर थांबली, तर दोष इंजिनात नसून दांडा किंवा पंख्यात आहे. एखादे पाते वाकले किंवा त्याचा तुकडा उडाला, तर पंख्याचा तोल जातो. दांडा वाकला असेल किंवा इंजिनाशी एका रेषेत नसेल, तरीही हेच लक्षण दिसते.

चौथे : पाण्याखाली खडी खडखडल्यासारखा आवाज येतो. हे कॅव्हिटेशनचे चिन्ह आहे. वाफेचे बुडबुडे पात्यावर फुटतात तेव्हा धातूचे कण निघतात आणि पाते वाळवी लागल्यासारखे खडबडीत होते. वाकलेल्या किंवा फुटलेल्या कडेमुळे कमी फेऱ्यांवरही हे घडू शकते. याच्याशी गल्लत होते ती पंख्याने वरून हवा ओढण्याची. प्रवासी छायाचित्रांसाठी नौकेच्या पुढच्या टोकाला जमले की मागचा भाग वर उचलला जातो, पंखा पृष्ठभागाजवळ येतो आणि पाण्याबरोबर हवा गिळतो. फेरे झपाट्याने वाढतात, रेटा नाहीसा होतो. यावर दुरुस्तीची गरज नसते. प्रवाशांना पुन्हा आपापल्या जागी बसवणे पुरेसे असते.

पाचवे : दांडा नौकेबाहेर पडतो तेथून पाणी येते. तेथे चरबी किंवा ग्रीस लावलेल्या दोरीचे पॅकिंग असेल, तर दांडा फिरताना मिनिटाला काही थेंब पडणे योग्यच आहे. त्या पाण्यानेच दांडा थंड राहतो. धार लागली, तर नट थोडा आवळावा. थेंब पूर्ण बंद होईपर्यंत आवळल्यास दांडा तापतो व झिजतो. वारंवार आवळूनही गळती राहिली, तर पॅकिंग बदलण्याची वेळ आली आहे.

अडकलेला पंखा सोडवताना

बिघाडाहून मोठे अपघात तो घाईने दूर करताना होतात. पहिला नियम असा की, नौकेचा ताबा आधी, पंखा नंतर. नांगर टाकावा, दुसऱ्या नौकेला दोर द्यावा किंवा वल्ह्यांनी तीर गाठावा. प्रवाहात वाहणारी नौका पुलाच्या खांबावर किंवा बांधलेल्या नौकांवर आडवी जाऊन आदळली, तर ती उलटू शकते. म्हणून इंजिन असलेल्या नौकेतही वल्ही, पुरेशा लांबीचा दोर आणि नांगर हाताशी असायलाच हवेत.

दुसरा नियम असा की, इंजिन गिअरमधून काढणे पुरेसे नाही. ते बंद करावे आणि चावी काढून खिशात ठेवावी. इंजिन दांड्याला थेट जोडलेले असेल, तर ते हँडलने फिरवून पाहणारा सहकारी आणि पंख्याजवळ हात घातलेला नाविक एकाच वेळी कामाला लागू नयेत. पाण्यात कोणीही असताना इंजिन सुरू करू नये. घाटावर स्नान करणाऱ्यांची गर्दी असते, हे लक्षात घेता पंखा फिरत ठेवून नौका पायऱ्यांना लावणेही तितकेच धोक्याचे आहे.

तिसरा नियम प्रवाशांसाठी. काय झाले ते पाहायला सगळे एका बाजूला झुकले, तर बिघडलेली नौका संकटात सापडते. त्यांनी बसून राहावे आणि जीवरक्षक जॅकेट काढू नये.

यानंतर दांडा हाताने उलट्या दिशेने फिरवून गुंता सैल होतो का ते पाहावे. सुटले नाही, तर दात असलेल्या सुरीने कापड किंवा दोर दांड्याच्या रेषेत, लांबीच्या दिशेने कापावा. गोलाकार कापत बसल्यास वेळ जातो आणि सुरी पात्यावर घसरते. गुंता निघाल्यावर लगेच पूर्ण वेग देऊ नये. मंद फेऱ्यांवर थरथर, आवाज आणि गळती तपासावी. आउटबोर्ड इंजिनाचे गिअरमधील तेल दुधट झाले असेल, तर सील कापले जाऊन पाणी आत शिरले आहे, हे ओळखावे.

दुरुस्ती कुठवर शक्य

पात्याच्या कडेवरील लहान खाचा कानशीने गुळगुळीत करता येतात. मात्र एका पात्याला जेवढे घासले, तेवढेच इतरांनाही घासून तोल राखावा लागतो. नौका पाण्याबाहेर असताना दांड्याजवळ एक काठी स्थिर रोवून पंखा हाताने सावकाश फिरवावा. प्रत्येक पात्याचे टोक काठीपासून सारख्याच अंतरावरून गेले पाहिजे. एकच पाते वेगळे गेले, तर ते वाकले आहे. दांडाच डुगडुगत असेल, तर दोष दांड्यात किंवा बेअरिंगमध्ये आहे.

पितळ व कांस्य जातीच्या मिश्रधातूंची पाती तापवून सरळ करता येतात आणि तुटलेल्या जागी धातू भरता येतो. ॲल्युमिनियम थंड असताना ठोकले तर तडकते. कांस्य पंख्याला लाकडी हातोडीने हलकेच टोला द्यावा. घंटेसारखा नाद निघाला तर धातू निकोप, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. पितळी पात्यावर गुलाबी, तांबूस डाग दिसू लागले, तर त्यातील जस्त निघून गेले आहे आणि असे पाते वरून शाबूत दिसले तरी आतून ठिसूळ झालेले असते. ते तापवून सरळ करण्याऐवजी पंखा बदलावा. पाते गाभ्याजवळ, मुळाशी तडकले असेल, तरीही दुरुस्तीच्या भरीस पडू नये.

अडथळ्यांपासून वाचवण्यासाठी पंख्याभोवती जाळीदार संरक्षक कडे बसवता येते. त्याने स्नान करणाऱ्यांना व जलचरांना होणारी इजा टळण्यास मदत होते, पण पाण्याचा प्रवाह काहीसा अडतो आणि जाळीतच कचरा साचू शकतो. दांड्यावर बसणारी दोर कापण्याची पाती नायलॉनवर उपयोगी पडतात. जाड कापडावर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

पंखा निकोप राखण्यात आणखी एका जिवाचे हित आहे. २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर घोषित झालेला गंगेतील डॉल्फिन जवळपास आंधळा असतो. तो ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून मार्ग व भक्ष्य शोधतो. वाराणसीच्या खालच्या अंगाला कैथी परिसरात त्याचे वास्तव्य आहे. वाकलेला, खडखडणारा पंखा पाण्यात नाहक गोंगाट वाढवतो.

तपासणीची वेळ

अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार यांत्रिक नौकांची नोंदणी व सर्वेक्षण अपेक्षित आहे. पण प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते आणि पंखा एका सायंकाळीत बिघडू शकतो. पावसाळ्यात गंगेची पातळी वाढू लागली की प्रशासन नौकाविहार थांबवते. येथे इशारा पातळी ७०.२६ मीटर आणि धोका पातळी ७१.२६ मीटर आहे. कोकणात मासेमारी बंदीच्या काळात होड्या शाकारून त्यांची डागडुजी होते, तसाच हा काळ पंखा उतरवून पाती, दांडा, बेअरिंग आणि पॅकिंग पाहण्याचा आहे. हंगामात रोज सकाळी पहिली फेरी निघण्यापूर्वी दांडा एकदा हाताने फिरवून पाहिला, तरी अडकलेला दोरा कळतो.

अहल्याबाई घाट, भोसले घाट, सिंधिया घाट ही नावे वाचत नौकेतून काशी पाहणाऱ्या मराठी यात्रेकरूलाही काही गोष्टी चढण्यापूर्वी पाहता येतील: नौकेत वल्ही आणि नांगर आहेत का, प्रवासी मर्यादेत आहेत का, जॅकेट प्रत्येकाला मिळाले का. प्रवासात माळा, दोरे, पिशव्या पाण्यात न टाकणे, हे तर त्याच्याच हाती आहे. त्यांतील एखादा दोरा मागून येणाऱ्या नौकेच्या पंख्यात जाऊ शकतो.